डोळा लाल झाल्यास काय करावे आणि काय टाळावे

डोळा लाल दिसतो तो पांढऱ्या भागावरील बारीक रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. त्या कशामुळे फुगल्या, हे नुसत्या लालीवरून कळत नाही. म्हणून कोणतेही थेंब घालण्यापूर्वी एकेक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरवरील तारखा वाचून पाहाव्यात. नजर अंधुक झाली असेल, डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दिव्याभोवती रंगीत वलये, डोकेदुखी आणि उलट्या यांसह आलेली लाली अचानक वाढलेल्या नेत्रदाबाची, म्हणजे काचबिंदूची असू शकते. पित्त झाले असे समजून ती अंगावर काढू नये.

इंदूरला रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्याजवळ गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहताना गुलाल डोळ्यांत गेला, तर डोळा मुळीच चोळू नये, कारण त्या कणांनी बुबुळ खरचटते. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढावी, पापण्या उघड्या धराव्यात आणि स्वच्छ पाण्याची संथ धार किमान 15 मिनिटे सोडावी. चुना गेला असेल तर अर्धा तास धुवावे. आधी धुणे आणि मगच एम. वाय. रुग्णालय गाठणे, हा क्रम मोडू नये.

पावसाळ्यात डोळे येतात, तेव्हा बहुधा कारण विषाणू असतो. डोळ्यांतून पाणी वाहते, एका डोळ्याची लागण दुसऱ्याला होते आणि साधारण एक-दोन आठवड्यांत ती आपोआप ओसरते. अँटिबायोटिक थेंबांचा विषाणूवर परिणाम होत नाही. थंड पाण्याची पट्टी ठेवावी, हात साबणाने धुवावेत, टॉवेल आणि उशी वेगळी करावी, घरात एकच काजळाची डबी फिरू देऊ नये. घट्ट पिवळी चिपडे येत असतील, तर मात्र तपासून औषध घ्यावे. खाज हेच मुख्य लक्षण असेल, तर ॲलर्जीची शक्यता अधिक. न दुखणारा, रक्तासारखा गडद डाग सुमारे दोन आठवड्यांत विरतो. तो वारंवार येत असल्यास रक्तदाब तपासावा.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची. लाली चटकन उतरते, म्हणून ते गुणकारी वाटतात. पण गव्हाच्या काढणीत कुसळ लागून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल, तर याच थेंबांनी ती आतवर पसरते. फार दिवस घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. घरी आधीच काही घातले असेल, तर ती बाटली तपासणीला जाताना सोबत न्यावी.