मशीन गिऱ्हाइकाला देण्याआधी: आवाजाच्या ड्रायव्हरचं काम मी कसं करते

माझं दुकान मिरजेत आहे. ऑफिसांतून निघालेले डेस्कटॉप आणि लॅपटॉप लॉटने येतात. ते साफ करायचे, रॅम वाढवायची, एसएसडी बसवायची, विंडोज टाकायची आणि विकायचे, असं माझं काम. मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचं गाव. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांत ऑनलाइन शिकवणी घेणारे गाण्याचे, सतारीचे, तबल्याचे शिक्षक बरेच आहेत. मशीन थोडं हळू चाललं तर ते चालवून घेतात, पण आवाजात खरखर आली की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर. म्हणून आवाजाचं काम मी सगळ्यात शेवटी घाईघाईने उरकत नाही. त्याला वेगळा अर्धा तास ठेवते. यातलं मुख्य काम ड्रायव्हरचं, म्हणजे विंडोजला आवाजाची चिप वापरता यावी म्हणून लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं.

सुरुवात विंडोज पुसायच्या आधी होते. लॉटमधल्या एखाद्या मशीनवर जुनी विंडोज असेल आणि तिच्यात शिरता आलं, तर आधी तिचे ड्रायव्हर काढून घ्या. त्यासाठी विंडोजमध्येच पीएनपीयूटिल नावाची आज्ञा असते. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, या आज्ञेला एक्स्पोर्ट-ड्रायव्हर सांगायचं, पुढे तारांकन आणि पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचं नाव द्यायचं. बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये येऊन पडतात. मूळ मशीनवर नीट चाललेला ड्रायव्हर हाताशी असला की पुढची निम्मी शोधाशोध वाचते. त्याच वेळी एखादी आवाजाची फाइल लावून ऐका. पुसायच्या आधी आवाज होता आणि नंतर गेला, तर जॅक-वायर उघडत बसायची गरज उरत नाही.

विंडोज टाकून झाली की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी, उघडा आणि काहीही इन्स्टॉल न करता नुसतं बघा. तिथे तीनपैकी एक गोष्ट दिसते आणि तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे पिवळं उद्गारचिन्ह. उघडल्यावर कोड २८ दिसला तर ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० असेल तर ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू होत नाही, म्हणजे बहुतेक वेळा चुकीचा ड्रायव्हर बसलाय.

दुसरी गोष्ट, आवाजाचं नावच यादीत नाही. इथे लोक तासन् तास ड्रायव्हर उतरवत बसतात आणि काही होत नाही. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा. ऑफिसच्या मशीनमध्ये आयटीवाल्यांनी ऑडिओ किंवा मायक्रोफोन बायोसमधूनच बंद केलेला असतो. तिथे बंद आहे तोवर विंडोजला ते यंत्र दिसणारच नाही. बायोसमध्ये चालू असूनही दिसत नसेल, तर लाइटची केबल काढा, लॅपटॉप असेल आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग परत लावा. ऑडिओची चिप कधीकधी अडकून बसते, आणि नुसतं रिस्टार्ट करून तिचा करंट पूर्ण जात नाही.

तिसरी गोष्ट, सगळं ठीक दिसतंय पण आवाज नाही. तेव्हा ड्रायव्हरला हातच लावू नका. टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करून आवाज कुठे जातोय ते बघा. एचडीएमआयने किंवा डिस्प्लेपोर्टने मॉनिटर जोडला की विंडोज कित्येकदा त्यालाच स्पीकर समजते, आणि मॉनिटरला स्पीकर नसतोच. शिवाय गिऱ्हाइकाच्या घरी वेगळा मॉनिटर असतो, म्हणजे दुकानात बरोबर दिसलेली निवड तिकडे बदलू शकते. मशीन नेताना हे मी प्रत्येकाला स्वतः दाखवून देते.

आता ड्रायव्हर शोधायचा कसा. मशीनच्या मॉडेलवरून शोधणं सोपं वाटतं, पण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळे मदरबोर्ड घालतात आणि जुन्या मशीनचे बोर्ड बदललेलेही असतात. माझा भरवसा हार्डवेअर आयडीवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज. लांबलचक ओळ येते, तिच्यातले तीन तुकडे वाचायचे. ‘व्हेन’च्या पुढचे चार आकडे-अक्षरं म्हणजे चिप कोणाची: १०ईसी असेल तर रिअलटेक, १४एफ१ असेल तर कोनेक्झंट, १००२ असेल तर एएमडी, १०डीई असेल तर एन्व्हिडिया. या शेवटच्या दोन दिसल्या तर तो बहुतेक ग्राफिक्सकडून मॉनिटरला जाणारा आवाज, मदरबोर्डचा नव्हे. ‘डेव्ह’च्या पुढचे चार म्हणजे नेमकी चिप. इथे कागदावरच्या नावाने फसू नका. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात रिअलटेक ३२४६ लिहिलेलं असतं आणि आयडीत मात्र ०२५६ येतं. चिप तीच, फक्त कंपनीसाठी नाव वेगळं. तिसरा तुकडा ‘सबसिस’. त्याचे पहिले चार मशीन कोणत्या कंपनीचं ते सांगतात: १०२८ डेल, १०३सी एचपी, १७एए लेनोव्हो. चिप एकच असली तरी जॅक कसे जोडलेत हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून ड्रायव्हर या कंपनीच्या साइटवरून घ्यायचा, चिपवाल्याकडून नाही.

सगळे ड्रायव्हर आपोआप टाकून देतो म्हणणारे ड्रायव्हर पॅक मी वापरत नाही. त्यांच्याबरोबर नको ते सॉफ्टवेअर येतं, आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर असलं काही ठेवून देणं मला पटत नाही.

अलीकडच्या इंटेल लॅपटॉपची एक अडचण वेगळी सांगायला हवी, कारण नवीन मुलं हमखास तिथेच अडकतात. यादीत रिअलटेकचं नावच नाही, फक्त ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ पिवळ्या खुणेसह, आणि आयडीत ८०८६, म्हणजे इंटेल. रिअलटेकचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी तो बसत नाही. या मशीनमध्ये रिअलटेकची चिप इंटेलच्या स्मार्ट साउंड नावाच्या भागामागे असते. आधी चिपसेटचा, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपांचा, ड्रायव्हर, मग स्मार्ट साउंडचा, मग रिस्टार्ट. त्यानंतर यादीत मागची चिप उगवते आणि मग तिचा ड्रायव्हर. हा क्रम मोडला की पुन्हा पहिल्यापासून.

चुकीचा ड्रायव्हर काढताना नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही. त्या खिडकीत ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही काढून टाकायची चौकट असते, तिच्यावर टिक करा. नाहीतर रिस्टार्टनंतर विंडोज तोच जुना ड्रायव्हर उचलून परत बसवते. हे करताना इंटरनेट काढून ठेवा, म्हणजे अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर आणून टाकणार नाही. आणि विंडोजच्या स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर, म्हणजे ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’वर, पुढचे-मागचे सगळे जॅक आणि माइक नीट चालत असतील, तर मी तोच ठेवते. चालणाऱ्या मशीनवर हौसेने ड्रायव्हर चढवायचा नाही.

एवढं करूनही शंका राहिली तर लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा, लाइव्ह पेन ड्राइव्ह लावा. डिस्कला हात न लावता मशीन त्याच्यावर सुरू होतं आणि बहुतेक डेस्कटॉपच्या ऑडिओचा ड्रायव्हर त्याच्यात आधीच असतो. तिथे आवाज आला म्हणजे बोर्ड चांगला आहे, परत विंडोजकडे वळा. तिथेही आला नाही तर बोर्डाचा संशय खरा धरा. डेस्कटॉपला छोटं यूएसबी साउंड कार्ड लावून द्या, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

आता माइक. दोन वर्षांपूर्वी सतारीच्या एका बाईंना मी डेस्कटॉप दिला. स्पीकर ऐकवले, त्या खूश होऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी शिकवणीला अकरा मुली समोर बसलेल्या आणि यांचा आवाज कोणालाच जाईना. चूक माझी होती. धूळ काढताना कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर मी बोर्डावरून काढली होती आणि परत लावली नव्हती. मागचा हिरवा जॅक चालला म्हणून मी पुढचा तपासलाच नाही. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा तासभर वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पुढचा माइक, मागचा माइक, पुढचा हेडफोन, मागचा हेडफोन असे चारही मी एकेक लावून बघते. जुन्या कॅबिनेटमध्ये त्या वायरला कधी दोन तोंडं असतात, एकावर एसी ९७ आणि दुसऱ्यावर एचडी ऑडिओ. एचडीचंच लावायचं. एसी ९७ लावलं तर जॅकमध्ये पिन गेली हे बोर्डाला कळत नाही. कॅबिनेटला एकच जुनं तोंड असेल तर रिअलटेकच्या सेटिंगमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करता येते, किंवा बायोसमध्ये पुढच्या पॅनलचा प्रकार बदलता येतो. आणि माइक सगळीकडे बरोबर दिसूनही शांत असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन इथली परवानगी बघा.

आवाज तपासायला मी गाणं लावत नाही. तंबोरा लावते. गाण्यात ठेका असतो, चढउतार असतो, बारीक तडतड त्यात झाकून जाते. तंबोरा एकसारखा वाजतो, म्हणून त्यात जरा खंड पडला, टिक झालं, की लगेच कानाला टोचतं. पंधरा मिनिटं लावून दुसऱ्या मशीनचं काम करत बसते. मध्येच तुटला तर आधी ड्रायव्हरचे ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’, म्हणजे आवाज आपोआप सुधारायच्या सोयी, बंद करून परत ऐकते. जवारीचा, म्हणजे घोडीवर टेकलेल्या तारेचा, झणझणाट मऊ, दबका यायला लागला तरी तेच करते. तारेच्या त्या झंकारातच सगळं आहे, आणि एन्हान्समेंट तो घासून गुळगुळीत करतं.

याच्या उलट गंमत माइकच्या बाजूला होते. सतारीच्या त्याच बाईंचा नंतर फोन आला, की मी बोलते ते मुलींना ऐकू येतं, पण तंबोरा दोन-चार सेकंद येतो आणि गायब होतो. मी मशीन आणून ड्रायव्हर दोनदा बदलला. काही फरक नाही. मग कळलं की ड्रायव्हरमध्ये ‘नॉइज सप्रेशन’ चालू होतं. पंख्याची घरघर काढण्यासाठी ते असतं, आणि ते एकसारखा चालणारा प्रत्येक आवाज घरघरच समजतं. तंबोराही एकसारखाच. म्हणून ते त्याला इमानदारीने पुसून टाकत होतं. ड्रायव्हरमधलं ते बंद केलं आणि झूमच्या सेटिंगमध्ये संगीतासाठी मूळ आवाज पाठवायची सोय असते ती चालू केली. तंबोरा परत आला. तेव्हापासून गाण्याबजावण्याच्या गिऱ्हाइकाला मशीन देताना या दोन्ही गोष्टी मी आधीच करून देते. बँकेत किंवा दुकानात हिशेबाला जाणाऱ्या मशीनवर मात्र नॉइज सप्रेशन चालूच ठेवते.

शेवटी मशीन बंद करून परत चालू करा, पण नेहमीचं शटडाउन धरू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, ड्रायव्हर जुन्याच अवस्थेत जागा होतो आणि दोष लपून राहतो. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, मग चालू करून ऐका. एकदा रिस्टार्ट करूनही ऐका.

चाललेला ड्रायव्हर मी डी ड्राइव्हवर ‘आवाज’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवते: चिपचा आयडी, ड्रायव्हरची तारीख, आणि पुढची वायर लावली का, हो किंवा नाही.