सेव्हिलला तीन दिवस जाताय? मग या चुका टाळा

माद्रिदला राहणाऱ्या मराठी बाईच्या वर्षात दोन हंगाम असतात, मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी. दोन्हीच्या आधी फोन सुरू होतात आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक्सेलची फाईल येऊन पडते. "सेव्हिलला तीन रात्री ठेवल्यात, जरा नजर टाकशील का?" मी नजर टाकते, चार गोष्टी सुचवते. समोरून "हो हो, अगदी बरोबर" असं उत्तर येतं आणि मग एकही ओळ न बदलता मंडळी विमानात बसतात. परत गेल्यावर पुन्हा फोन, "तू म्हणाली होतीस तसंच झालं गं." म्हणून आता लिहूनच काढते.

तीन रात्रींत तीन शहरं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नकाशावर दक्षिण स्पेनमधली सेव्हिल, कोर्दोबा आणि ग्रानादा शेजारीशेजारी दिसतात. मग कोणीतरी अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये तिन्ही दाखवतं आणि आपल्या लोकांना वाटतं, एवढ्या लांब आलोच आहोत तर उरकून टाकू. 'उरकून टाकू' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

नवऱ्याचा मामेभाऊ पुण्याहून बायको, मुलगा आणि आपल्या आईला, म्हणजे आमच्या मामींना घेऊन आला होता. पहिल्या दिवशी दुपारी सेव्हिल, दुसऱ्या दिवशी कोर्दोबा, तिसऱ्या दिवशी ग्रानादा करून रात्री परत, चौथ्या दिवशी सकाळी बार्सिलोनाचं विमान. आल्हाम्ब्राची, म्हणजे ग्रानादाच्या किल्ला-महालांची तिकिटं त्याने महिनाभर आधी काढली होती, त्याबद्दल शाबासकी. पण आल्हाम्ब्राच्या आतले नास्रिद महाल बघायची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती अर्ध्या तासाची खिडकी असते. त्यांची वेळ होती साडेअकराची. बस सकाळी आठची, सेव्हिलहून ग्रानादाला साधारण तीन तास. मी म्हटलं, "अरे, दुपारची तरी वेळ घ्यायचीस." तो म्हणाला, "वहिनी, अर्धा तास हातात आहे की!"

बस वेळेवर पोचली. पण ग्रानादाचं बसस्थानक शहराच्या उत्तर टोकाला आणि आल्हाम्ब्रा डोंगरावर. टॅक्सीच्या रांगेत वीस मिनिटं गेली. टॅक्सीवाल्याने तिकीटघराच्या मुख्य दाराशी सोडलं. तिथून नास्रिद महाल आतल्या आत चालत पंधरा-वीस मिनिटं, आणि मामींचे गुडघे सत्तरीतले. दारावर पोचले तेव्हा साडेबारा वाजत आले होते. दारावरच्या माणसाने तिकीट स्कॅन केलं आणि मान हलवली. विनवण्या झाल्या, मामींना पुढे करून झालं, उपयोग शून्य. तिकिटात किल्ला होता, हेनेरालिफेच्या बागा होत्या, पाचव्या चार्ल्सचा गोल चौकाचा राजवाडा तर तिकिटाशिवायही दिसतो. पण ज्या सिंहांच्या कारंज्यासाठी मामी आल्या होत्या, ते त्या महालांतच. ते राहिलं. संध्याकाळच्या बसने परत, हॉटेलवर पोचेपर्यंत रात्रीचे दहा. सेव्हिलमध्ये तीन रात्री राहून सेव्हिलचं कॅथेड्रल त्यांनी फक्त बाहेरून पाहिलं. नंतर मामींना विचारलं, स्पेन कसं वाटलं? म्हणाल्या, "बसमधून ऑलिव्हची झाडं मात्र पुष्कळ बघितली."

माझा नियम सोपा आहे. तीन रात्री असतील तर शहर एकच, आणि वेळ ठरलेलं तिकीट दिवसाला एकच, तेही सकाळचं. अल्कासार हा राजवाडा एका दिवशी, कॅथेड्रल दुसऱ्या. बाकीचा दिवस मोकळा. अगदीच राहवत नसेल तर कोर्दोबा करा. वेगवान रेल्वेने पाऊण तास लागतो, मेस्कीता, म्हणजे तिथली जुनी मशीद, बघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. रविवार सोडून सकाळी साडेआठ ते साडेनऊ मेस्कीतात फुकट सोडतात, आणि त्या वेळी ते खांबांचं जंगल जवळजवळ रिकामं असतं. ग्रानादाला जायचं तर तिथे मुक्काम करा. तिकीट हातात असेल तर पुएर्ता दे ला हुस्तिसिया या दरवाजाने आत जा, महाल तिथून जवळ पडतात. पासपोर्ट जवळ ठेवा, तो विचारतात.

आपलं घड्याळ घेऊन जेवायला जाणं

दुसरी चूक जेवणाची, आणि ही शंभरातले नव्वद जण करतात. संध्याकाळी सात वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात. बाहेर पडावं तर बरी दिसणारी सगळी खानावळ बंद, किंवा बार उघडा पण स्वयंपाकघर बंद. दुपारचं जेवण दीड-दोनला सुरू होऊन चारपर्यंत चालतं. मग चूल थंड, ती साडेआठच्या पुढेच पेटते. यात आळस वगैरे काही नाही. स्पेन भूगोलाने ब्रिटनच्या रांगेत, पण १९४० पासून इथलं घड्याळ जर्मनीच्या बरोबरीने चालतं. जूनअखेरीस सेव्हिलला सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमाराला. सात वाजता इथे भर दुपार असते, दुपारी कोण रात्रीचं जेवेल?

मग भुकेलेली मंडळी जातात कुठे? कॅथेड्रलसमोर, जिथे दिवसभर चूल चालू असते, बाहेर पदार्थांचे फोटो लावलेले असतात आणि एक माणूस "हॅलो इंडिया!" म्हणत हात धरून बसवतो. तिथे मागवतात पाएया, म्हणजे तिखटमीठाच्या भाताचा स्पॅनिश प्रकार. पाएया वालेन्सियाचा, तोही दुपारी खायचा पदार्थ. सेव्हिलमध्ये रात्री सात वाजता तो मागवणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन सोलकढी-मासे शोधणं. येतो तो बहुतेक वेळा फ्रीजरमधून तापवलेला, आणि बिल बघून चेहरे उतरतात.

माझी पद्धत अशी. सकाळी टोस्तादा, म्हणजे भाजलेला पाव, त्यावर ऑलिव्ह तेल आणि किसलेला टोमॅटो, सोबत कॉफी. दुपारी दोनच्या ठोक्याला मुख्य जेवण. कामाच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी मेनू देल दिया असतो, दोन पदार्थ, पाव, गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या दरात. मग खोलीवर जाऊन झोपायचं. उन्हाळ्यात तर झोपायचंच, जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सहा-साडेसहाला आइसक्रीम नाहीतर कॉफीबरोबर काहीतरी. नऊला तापास, म्हणजे छोट्या बशांतून येणारे पदार्थ. मुलं लहान असतील तर सातला खोलीवर दही, फळं, ब्रेड द्या आणि नऊला सोबत घेऊन चला. इथली मुलंही त्या वेळी चौकात फुटबॉल खेळत असतात.

तापासच्या बाबतीत अधीरपणा फार नडतो. आपले लोक बसले की सहा-सात बशा एकदम सांगून मोकळे होतात. सगळं एकदम येतं, निम्मं गार होतं. दोन मागवा, खा, मग दोन. एका बारमध्येच पोट भरू नका, उठून पुढच्या बारमध्ये जा. मेनूत तापा (छोटी बशी), मेदिया रासियोन (अर्धं ताट) आणि रासियोन असे आकार असतात. रासियोन पूर्ण ताट असतं, एकट्याला संपत नाही. आणि पेयाबरोबर तापा फुकट मिळतो, हे ऐकून आला असाल तर ते ग्रानादाचं. सेव्हिलमध्ये पैसे पडतात.

शाकाहारी मंडळींनी "नो मीट" एवढ्यावर थांबू नये, नाहीतर सॅलडवर ट्यूना येतो आणि साल्मोरेहो या टोमॅटोच्या गार सूपवर हामोनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे. मांस नको, हामोन नको, मासे नको, ट्यूना नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. मला तोंडी लाजायला होतं म्हणणाऱ्यांनी कागदावर लिहून न्यावं. एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, म्हणजे जिरं घातलेला पालक आणि काबुली चणे, हा सेव्हिलचा खास पदार्थ. आपल्या जिभेला तो पहिल्या घासात ओळखीचा वाटतो. मध किंवा काकवी घातलेली तळलेली वांगीही मागवा. नाताळच्या सुमारास मिळणारी मान्तेकादो ही बिस्किटं मात्र डुकराच्या चरबीची असतात, गोड दिसतात म्हणून कडक शाकाहाऱ्यांनी तोंडात टाकू नयेत.

बाकीच्या चुका, पटापट

अल्कासारचं तिकीट दारात जाऊन काढू म्हणणं. आधी काढा, आणि अधिकृत संकेतस्थळावरूनच. शोधयंत्रात वरच्या ओळीत येणारी सगळी दुकानं अधिकृत नसतात, दुप्पट दर लावतात. सोमवारी शेवटच्या तासाला प्रवेश फुकट असतो, त्यासाठीही आधी वेळ घ्यावी लागते. मी तरी त्या वाटेला जात नाही. त्या बागांना तास पुरत नाही, आणि तिकिटाचे पैसे वाचवायला सात-आठ हजार किलोमीटरवरून आलोय का?

कॅथेड्रलला रविवारी सकाळी जाणं. तेव्हा प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात.

ललित कला संग्रहालय सोमवारी. बंद.

कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा, जो मुळात मशिदीचा मिनार होता, पायऱ्यांच्या भीतीने टाळणं. वर जायला ३५ उतार आहेत, अजान देणाऱ्याला घोड्यावरून जाता यावं म्हणून बांधलेले. पायऱ्या आहेत त्या शेवटच्या टोकाला थोड्याशा.

ईस्टरच्या आधीचा आठवडा किंवा फेरियाचा, म्हणजे सेव्हिलच्या जत्रेचा आठवडा नकळत निवडणं. हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात. पवित्र आठवड्यात मिरवणुकांमुळे रस्ता ओलांडायलाही थांबावं लागतं, आणि फेरियातले बहुतेक तंबू खासगी असतात, ओळखीशिवाय आत सोडत नाहीत. मिरवणुका बघायलाच येत असाल तर वेगळं, मग वर्षभर आधी खोली घ्या. दिवाळीची सुट्टी उत्तम, हवा छान असते.

त्रियाना या वस्तीतला बाजार संध्याकाळी बघायला जाणं. भाजी-मासळीचे गाळे दुपारी तीनच्या सुमारास आवरतात. सकाळी जा, आणि खाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष बघा. इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं ठाणं तिथे होतं.

सांता क्रूस या जुन्या वस्तीच्या गल्लीत हॉटेल आणि सोबत चार मोठ्या बॅगा. टॅक्सी तोंडाशी सोडते, पुढे दगडी फरसबंदीवरून चाकं ओढत तुम्ही. खोली घेताना विचारा, गाडी दारापर्यंत येते का.

कॅथेड्रलपाशी कोणी बाई रोझमेरीची काडी हातात देऊ लागली तर हात मागे घ्या. काडी घेतली की हात बघितला जातो आणि मग पैशांची घासाघीस.

रस्त्यावरच्या झाडांची संत्री तोडून खाऊ नका. मार्मलेडची जात आहे ती, कडू जहर.