ऑप्शन फॉर्मआधी फीचा हिशेब

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना सगळ्यांचे डोळे कटऑफवर असतात. शिष्यवृत्तीशिवाय जमणारच नसेल, तर आधी कागदावर फी मांडा. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफी योजनेच्या जागा शोधा. तिथे ट्यूशन फी माफ असते, पण चॉइस कोड (फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो. नेहमीचाच कोड टाकलात तर ती जागा हातची गेली. (मेस, खोली, डेव्हलपमेंट फी मात्र खिशातूनच.) मॅनेजमेंट कोट्यात राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळत नाही, एजंट काहीही सांगो. अभिमत विद्यापीठांचंही तेच. आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांग जिन्यापर्यंत येते.