कर वाढवू की खर्च कापू? वहीत असं मांडून बघा

बारावीला अर्थशास्त्र शिकवताना मी फळ्यावर हमखास कॅनडाचं 1995चं बजेट मांडायचो. देशाचं कर्ज कमी करायची कुठलीही योजना तपासायची असेल, तर तुम्हीही तसंच मांडा.

आधी व्याज बाजूला काढा. कॅनडाच्या केंद्र सरकारचा जवळपास एक तृतीयांश महसूल त्यातच जायचा. त्याला हात लावता येत नाही, कात्री लागते ती उरलेल्या खर्चाला.

आता दोन रकाने आखा: एक नव्या कराचा, एक खर्चकपातीचा. अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी 1 डॉलर नव्या करामागे सुमारे 7 डॉलर कपात ठेवली होती. पेट्रोल लिटरमागे 1.5 सेंटांनी महागलं, पण 45,000 सरकारी नोकऱ्यांवर गदा आली. "सर, हा कसला समतोल?" असं कुणीतरी विचारायचंच. प्रश्न रास्त आहे. मात्र 7 टक्के जीएसटी 1991मध्येच आला होता, म्हणून कराचा रकाना मागची चार-पाच वर्षं धरून भरा.

तिसरा रकाना बहुतेक जण विसरतात: भार कुणावर ढकलला? केंद्राने प्रांतांचं अनुदान कापलं, झळ दवाखान्यांना आणि कॉलेजांना बसली. माझ्या मते योजनेची हीच लंगडी बाजू.

शेवटी नशिबाचा वाटा वजा करा. व्याजदर उतरले, शेजारी अमेरिकेत तेजी होती, निर्यात वाढली. 1997-98मध्ये तूट संपली त्यात हेही आलं. शेजारीही हात आखडून बसला असेल, तर कपातीचा वेग निम्मा धरून गणित पुन्हा करा.