क्रायस्लर ४४० सिक्स पॅकवर नायट्रस बसवताना

चार बॅरलच्या एकाच कार्ब्युरेटरखाली नायट्रसची, म्हणजे नायट्रस ऑक्साइड वायू फवारणारी, प्लेट सरकवणं हे एका दुपारचं काम. तीन कार्ब्युरेटर ओळीत असले की तेच काम आठवडाभर चालतं, आणि घाईत उरकलं तर पिस्टनला भोक पडून संपतं. इथे उदाहरण घेतलंय १९६९च्या मध्यावर डॉज सुपर बी आणि प्लिमथ रोड रनरमध्ये आलेल्या ४४० सिक्स पॅकचं. प्लिमथवाले त्यालाच सिक्स बॅरल म्हणत. ४४० घन इंच म्हणजे ७.२ लिटर, होली कंपनीचे २३०० जातीचे, दोन-दोन बॅरलचे (हवेच्या नळ्यांचे) तीन कार्ब्युरेटर, कंपनीचा आकडा ३९० एचपी.

या तिघांतला फक्त मधला कार्ब्युरेटर पेडलला जोडलेला आहे. पुढचा आणि मागचा व्हॅक्यूमवर उघडतात. मधल्याच्या व्हेंच्युरीतून, म्हणजे अरुंद गळ्यातून, पुरेशी हवा ओढली गेली की डायाफ्राम (व्हॅक्यूमवर हलणारा पडदा) त्यांचे बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या झडपा, खेचून उघडतो. म्हणजे पेडल फळीला टेकलं तरी बाहेरचे दोघे उघडलेले असतीलच असं नाही. पुढची निम्मी डोकेदुखी यातूनच येते.

नायट्रस स्वतः जळत नाही. त्यात वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत सुमारे २३. सिलिंडरमध्ये ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. त्या ऑक्सिजनला जोडीचं पेट्रोल मिळालं तर ताकद वाढते, नाही मिळालं तर पिस्टनचं अॅल्युमिनियम वितळतं. आठपैकी सात सिलिंडरना बरोबर मिश्रण मिळून भागत नाही, इंजिन आठव्यावरच बसतं.

आधी इंजिन तपासा

सिक्स पॅकचे मूळ पिस्टन ओतीव आहेत, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) नाहीत. त्यांच्यावर नायट्रसने मिळणारी जास्तीची ताकद १०० एचपीच्या पुढे नेऊ नका. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये कमी आणि जास्त सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त आला तर नायट्रसचा विषय तिथेच थांबवा. १५० किंवा त्यापुढे जायचं असेल तर इंजिन उघडून फोर्ज्ड पिस्टन टाका आणि वरच्या रिंगचा गॅप बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) ०.००५ ते ०.००६ पट ठेवा. बोअर ४.३२ इंच, म्हणजे ०.०२२ ते ०.०२६ इंच. नेमका आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर असतो, तोच अंतिम. गॅप कमी पडला तर तापलेल्या रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरला घासून अडकते आणि पिस्टनची वरची कड तोडून नेते.

आणखी एक जुनं दुखणं म्हणजे क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरची बाहेरची रिंग. पन्नास वर्षांत रबर सुकून ती सरकलेली असते, आणि टायमिंगची, म्हणजे ठिणगीच्या वेळेची, खूण खोटं बोलते. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टन सर्वात वर असण्याची जागा) शोधा, मगच टायमिंग लाइट हातात घ्या.

प्लेट की नोझल

तीन मार्ग आहेत. पहिला, फक्त मधल्या कार्ब्युरेटरखाली प्लेट. हा स्वस्त आणि मोहात पाडणारा. पण सगळं नायट्रस मध्यभागी पडतं, आणि त्याच्याबरोबरचं ओलं पेट्रोल १, २, ७, ८ या टोकाच्या सिलिंडरपर्यंत वळणं घेत सारखं पोहोचत नाही. ७५ एचपीपर्यंत चालून जातं, त्यापुढे नको.

दुसरा, तिन्ही कार्ब्युरेटरखाली एकेक प्लेट. रस्त्यावरच्या गाडीसाठी आमचं मत याच बाजूला. होली २३००च्या दोन बॅरल फ्लँजच्या (कार्ब्युरेटरच्या बैठकीच्या) प्लेट मिळतात. चार बॅरलच्या ४१५० फ्लँजची प्लेट इथे बसत नाही, किट घेताना एवढं तपासा. पुढचा कार्ब्युरेटर फक्त पुढच्या सिलिंडरना पाजतो असं मात्र धरू नका. कार्ब्युरेटरमधलं मिश्रण सिलिंडरकडे नेणारा हा मॅनिफोल्ड ड्युअल प्लेनचा, म्हणजे दोन वेगळ्या मजल्यांचा आहे, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या एका बाजूच्या बोअरमधलं मिश्रण दोन्ही बँकांतल्या (सिलिंडरच्या रांगांतल्या) मिळून चार सिलिंडरकडे जातं. म्हणूनच तिन्ही प्लेटना सारखाच जेट (प्रवाह ठरवणारं मापाचं भोक) लागतो.

तिसरा, आठ रनरमध्ये (मॅनिफोल्डमधून एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटांमध्ये) आठ नोझल. वाटणी सर्वात अचूक, पण मॅनिफोल्ड उतरवून प्रत्येक रनरला भोक आणि १/१६ इंच एनपीटीचे (निमुळते पाइपचे) आटे पाडावे लागतात. मूळ मॅनिफोल्डला ड्रिल लावणं म्हणजे गाडीची किंमत स्वतःच्या हाताने उतरवणं. नव्याने ओतलेला अॅल्युमिनियमचा घ्या आणि जुना कापडात गुंडाळून फळीवर ठेवा.

बसवणी

प्लेट साधारण अर्धा इंच जाडीची असते. तिन्ही कार्ब्युरेटर सारखेच उचलले गेले पाहिजेत, नाहीतर त्यांना जोडणारे दांडे तिरके होऊन बटरफ्लाय अडकतो. मधल्याखालीच प्लेट लावत असाल तर बाहेरच्या दोघांखाली तेवढ्याच जाडीचे स्पेसर द्या. ५/१६ इंचाचे स्टड लांब घ्या, प्लेटच्या वर आणि खाली नवीन गॅस्केट टाका. वरच्या गॅस्केटची कड बोअरमध्ये डोकावत असेल तर कापा, कारण बटरफ्लाय तिथेच घासतो. स्प्रे बारमध्ये नायट्रसची नळी वर, पेट्रोलची खाली. वरून सुटणारा नायट्रसचा झोत पेट्रोल फोडून बारीक करतो. प्लेट उलटी लागली तर पेट्रोल थेंबांनीच खाली पडतं.

उंची अर्धा इंच वाढली की तीन गोष्टी बिघडतात आणि तिन्ही नंतर आठवतात. पहिली चोक. त्याची स्प्रिंग मॅनिफोल्डवर असते आणि दांडा कार्ब्युरेटरला. दांडा आखूड पडला की चोक नीट मिटत-उघडत नाही. दुसरी, ऑटोमॅटिक गाडीत टॉर्कफ्लाइट ७२७ गिअरबॉक्सचं किकडाउन लिंकेज. हे पुन्हा जुळवलं नाही तर गिअरबॉक्समधला दाब कमी राहतो, क्लच घसरतात आणि जळतात. नायट्रसवर तर पहिल्याच फेरीत. तिसरी बोनेट. एअर क्लीनरवर मातीचे छोटे गोळे ठेवून बोनेट हळूच बंद करा आणि उघडून गोळे किती चेपले ते मोजा.

बाहेरचे दोन कार्ब्युरेटर

मूळ व्हॅक्यूम व्यवस्था ठेवायची असेल तर ते दोघे खरंच पूर्ण उघडतात का ते आधी, नायट्रस न सोडता, पाहा. डायाफ्रामच्या दांड्यावर पेपर क्लिप घट्ट बसवा आणि पूर्ण पेडलवर एक धाव घ्या. क्लिप किती सरकली तेवढा दांडा हलला. कमी हलला असेल तर डायाफ्रामची स्प्रिंग एक पायरी हलकी टाका. दोन्ही बाजूंना एकाच रंगाची.

हे जमलं तरी नायट्रस सुटल्यावर तो मॅनिफोल्डमध्ये जागा अडवतो, मधल्या व्हेंच्युरीतली हवा थोडी घटते आणि डायाफ्रामला मिळणारा इशारा मंदावतो. बाहेरचे बटरफ्लाय अर्धवट मिटले आणि त्यांच्याखालच्या प्लेटमधून फवारा चालूच राहिला, तर तिथे हवा थांबते, पेट्रोल मॅनिफोल्डच्या तळाशी साचतं, आणि पुढची ठिणगी ते मागे उडवते. नायट्रसचा बॅकफायर कार्ब्युरेटर फोडतो, कधी बोनेटही.

यावर दोन उपाय. एक, तीन मायक्रोस्विच एकापुढे एक जोडायचे, मधल्याच्या पेडल लिंकेजवर एक आणि बाहेरच्या प्रत्येकाच्या शाफ्टवर एक. तिघे दाबले गेल्याशिवाय रिलेला (नायट्रस सोडणाऱ्या विजेच्या स्विचला) करंट मिळता कामा नये. दुसरा, व्हॅक्यूम काढून मेकॅनिकल लिंकेज बसवणं. बाहेरच्या कार्ब्युरेटरना अॅक्सिलरेटर पंप नाही, त्यामुळे कमी आरपीएमवर एकदम पेडल मारलं तर गाडी गुदमरते. पण नायट्रस ३००० आरपीएमच्या आत सोडायचाच नसतो, म्हणून हा तोटा परवडतो. ट्रॅकसाठी दुसरा उपाय, रोजच्या गाडीसाठी पहिला.

जेटचं गणित

किटचा तक्ता सहसा एका प्लेटसाठी असतो. तीन प्लेटवर तोच जेट टाकलात तर तिप्पट गॅस जाईल. प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर चालतो, म्हणून व्यासाला ३च्या वर्गमुळाने, १.७३ने, भागायचं. तक्त्यात ०.०५२ इंच असेल तर प्रत्येक प्लेटला ०.०३०. आठ नोझल असतील तर २.८३ने, म्हणजे ०.०५७ऐवजी ०.०२०. पेट्रोलच्या जेटलाही हाच हिशेब. उत्तर दोन आकारांच्या मध्ये पडलं तर नायट्रसचा लहान आणि पेट्रोलचा मोठा घ्या.

वितरण ब्लॉकपासून तिन्ही प्लेटपर्यंतच्या नळ्या सारख्या लांबीच्या ठेवा, मागच्या कार्ब्युरेटरची नळी जवळ पडली तरी वळण देऊन. पेट्रोलचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) ब्लॉकच्या शक्य तितका जवळ हवा. नायट्रस ९०० पीएसआयने (चौरस इंचाला पौंड) येतो, पेट्रोल ६ने. नळी लांब असेल तर पेट्रोल उशिरा पोहोचतं आणि पहिला क्षण लीन (पेट्रोल कमी) जातो. एनपीटी आट्यांना टेफ्लॉनची पेस्ट लावा, टेप नाही, टेपचा तुकडा थेट जेटमध्ये जाऊन बसतो. एएन फ्लेअरला (निमुळत्या तोंडाच्या जोडाला) काहीच लावायचं नाही.

पेट्रोल

१०० एचपीला तासाला साधारण ५५ पौंड पेट्रोल जास्तीचं लागतं. मूळ मेकॅनिकल पंप आधीच तीन फ्लोट बाउल भरतोय, त्याच्यावर हे ओझं टाकू नका. नायट्रससाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप आणि वेगळा रेग्युलेटर द्या. दाब पेट्रोल वाहत असताना मोजायचा. बंद नळीत ६ दाखवणारा काटा सोलेनॉइड उघडताच ४वर येऊ शकतो. नळीच्या टोकाला तिन्ही जेटच्या एकत्रित क्षेत्रफळाचा एक जेट लावा, पेट्रोल डब्यात सोडा आणि वाहतानाचा दाब तक्त्यात दिलेला ठेवा, बहुतेक किटमध्ये ५.५ ते ६. इंजिन थंड हवं आणि अग्निशामक हाताशी. लाइनवर प्रेशर स्विच बसवा, दाब ५च्या खाली गेला की नायट्रस बंद.

वायरिंग

सोलेनॉइडना ३० अँपिअरचा रिले आणि फ्यूज द्या. या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट फायरवॉलच्या कनेक्टरमधून अॅमीटरपर्यंत जाऊन परततो, आणि तो कनेक्टर वितळण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. रिलेचा पुरवठा अल्टरनेटरच्या आउटपुट स्टडवरून घ्या, म्हणजे इंजिन चालू असताना हा भार अॅमीटरमधून जात नाही.

क्रम असा ठेवा: मुख्य स्विच, तीन मायक्रोस्विच, पेट्रोलचा प्रेशर स्विच, आरपीएमचा विंडो स्विच (ठराविक आरपीएमच्या पट्ट्यातच चालू राहणारा), मग रिले. विंडो ३००० ते ५२०० आरपीएम. प्लॅटिनमच्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधल्या कॉन्टॅक्ट पॉइंटच्या, फटी उडत्या असतात आणि विंडो स्विच त्यांच्या सिग्नलने गोंधळतो, म्हणून आधी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि रेव्ह लिमिटर बसवा.

टायमिंग आणि प्लग

दर ५० एचपीला २ अंश मागे. एकूण टायमिंग ३६ असेल तर १०० एचपीला ३२. प्लग एक-दोन पायऱ्या थंड (उष्णता लवकर सोडणारे), टोक बाहेर न आलेले, पट्टी आखूड, गॅप ०.०२८ ते ०.०३० इंच. प्लॅटिनमचे प्लग नकोत. पेट्रोल बाजारातलं सर्वात वरचं, अमेरिकेत ९३ ऑक्टेन. १५०च्या पुढे रेसचं पेट्रोल.

बाटली

१० पौंडाची बाटली डिकीत आडवी, व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या दिशेला, लेबल वर. आतली नळी वाकवून तळाशी मागे नेलेली असते. धाव घेताना द्रव मागे सरकतो, म्हणून ती नेहमी द्रवात बुडलेली राहते. बाटली उलटी लागली की द्रवाऐवजी वायू येतो आणि इंजिन रिच (पेट्रोल जास्त) होऊन अडखळतं. दाब ९०० ते ९५० पीएसआय. २१ अंशांना तो सुमारे ७६०च असतो, ३०च्या आसपास ९००वर जातो, म्हणून थंडीत थर्मोस्टॅटचा इलेक्ट्रिक ब्लँकेट लागतो. ज्योतीने बाटली तापवणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. ३६.४ अंशांच्या वर द्रव उरतच नाही, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हे सहज होतं. किती नायट्रस उरला ते काटा सांगत नाही, बाटली तोलून बघा. १०० एचपीला १० सेकंदात साधारण ०.८ पौंड खर्च होतो.

एनएचआरए (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंग संस्था) ट्रॅकवर डीओटी-१८०० (अमेरिकी परिवहन खात्याचा) शिक्का असलेली बाटली लागते, आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांत रस्त्यावर ती जोडलेली असणं गुन्हा आहे. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ असे बदल रस्त्यावरच्या गाडीत करू देत नाही.

पहिली धाव

बाटली उघडा, इंजिन सुरू करू नका. प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी कान लावा. फुस्स असा आवाज आला तर सोलेनॉइड गळतोय, स्टार्टर मारू नका. बाटली बंद करा, कॉइलची वायर काढा, मॅनिफोल्ड रिकामा होऊ द्या, मगच सोलेनॉइड खोलून बघा. सहसा बसकीत कचरा असतो.

सर्वात लहान जेटवर, तिसऱ्या गिअरमध्ये, तीन-चार सेकंद सोडा. नॉकिंग (इंजिनातली ठकठक) ऐकू आलं तर पाय लगेच वर. नाहीतर इंजिन तिथेच बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळू द्या आणि आठही प्लग काढून क्रमाने मांडा. चिनीमातीवर चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, काम थांबवा. पट्टीचा रंग बदललेली रेघ पट्टीच्या बुडाशी, आट्यांच्या कडेला गेली असेल तर टायमिंग जास्त आहे, दोन अंश मागे घ्या. सगळे प्लग सारखे लीन असतील तर पेट्रोलचा जेट वाढवा. टोकाचे दोनच लीन असतील तर जेटला हात न लावता त्या बाजूच्या प्लेटची नळी, जेटमधला कचरा आणि गॅस्केटची गळती बघा. दोन सिलिंडरचं पारडं जेटने झुकवायला गेलात तर उरलेले सहा बिघडतात.

मोठ्या जेटकडे एका वेळी एकच पायरी, आणि प्रत्येक पायरीला ताजे प्लग. धाव संपली की बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतला उरलेला नायट्रस पर्ज व्हॉल्व्हमधून बाहेर सोडा. पर्ज बसवलेला नसेल तर डिकीपाशी नट सावकाश सैल करा, हातात जाड मोजे घालून.