फ्रान्समधील वस्तीतल्या वाइन बारमध्ये जेवायला जाताना

उपाहारगृहात माणूस आधी काय खायचे ते ठरवतो आणि त्याला साजेशी वाइन मागाहून मागवतो. फ्रान्समधील गल्लीबोळांत आढळणाऱ्या लहान वाइन बारमध्ये, ज्याला तिथे ‘बार आ व्हँ’ म्हणतात, हा क्रम उलटा असतो. मालकाने स्वतः चाखून, बहुधा लहान उत्पादकांकडून थेट आणलेल्या बाटल्या हेच अशा जागेचे खरे भांडवल असते आणि खाद्यपदार्थ त्या बाटल्यांना सोबत म्हणून ठेवलेले असतात. एवढे ध्यानात घेतले की पदार्थांची यादी तोकडी का, ती रोज का बदलते आणि वाढणारा मनुष्य पाण्याच्याही आधी ‘काय पिणार’ हे का विचारतो, याचा उलगडा होतो. तिथे सुखाने जेवायचे असेल, तर वाइनचे ज्ञान पाठ करून जाण्यापेक्षा काउंटरमागच्या माणसाशी नीट बोलता येणे अधिक उपयोगाचे ठरते.

अशा जागांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बार हा बारच असतो: काउंटर, चार-सहा टेबले, ग्लासाने मिळणाऱ्या आठ-दहा वाइन आणि खाण्याचे मोजके पदार्थ. पॅरिसच्या बाराव्या विभागात, आलिग्रच्या बाजाराला लागून असलेले ‘ल बारों रूज’ हे याचे ठळक उदाहरण होय. तिथे लाकडी पिंपांभोवती उभे राहून पिण्याची रीत आहे. दुसरा प्रकार ‘काव्ह आ माँजे’ हा असून तो मुळात वाइनचे दुकान असतो आणि दुकानातच जेवणही मिळते. सन २००० मध्ये सँ-मार्तँ कालव्याजवळ सुरू झालेल्या ‘ल व्हेर व्होले’ने हा प्रकार पॅरिसमध्ये रुजवण्यास मोठा हातभार लावला. अशा ठिकाणी भिंतीवरच्या फडताळातून बाटली आपण स्वतः निवडू शकतो. तिच्यावर लिहिलेली किंमत घरी नेण्याची असते आणि ती तिथेच उघडून प्यायची झाल्यास त्या किमतीवर ‘द्र्वा द बुशाँ’ नावाचे ठरावीक शुल्क चढते. हे शुल्क बाटली स्वस्त असो वा महाग, सारखेच असते. त्यामुळे अगदी स्वस्त बाटलीवर ते जड वाटते, तर जरा बरी बाटली घेतल्यास नेहमीच्या उपाहारगृहापेक्षा ती पुष्कळ स्वस्तात पडते. दोन-तीन माणसे असतील, तर काव्हमध्ये थोडी वरच्या किमतीची बाटली निवडण्यातच शहाणपण आहे.

काही ठिकाणी ‘खाण्याशिवाय वाइन मिळणार नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा तो विक्री वाढवण्याचा आग्रह आहे असे समजून रागावू नये. फ्रान्समध्ये मद्यविक्रीचे परवाने वेगवेगळ्या दर्जाचे असतात आणि ज्यांच्याकडे फक्त उपाहारगृहाचा परवाना आहे, त्यांना मद्य केवळ मुख्य जेवणाच्या वेळी व अन्नाच्या जोडीनेच देता येते. अशा जागी खायचे नसेल, तर दुसरी जागा शोधावी.

जाण्याची वेळही विचारपूर्वक ठरवावी. संध्याकाळी सहा-साडेसहापासून ‘अपेरो’ची, म्हणजे जेवणापूर्वीच्या पेयाची, वर्दळ सुरू होते. त्या वेळी चीज आणि थंड पदार्थ मिळतात, परंतु गरम पदार्थांसाठी स्वयंपाकघर बहुधा सात-साडेसातच्या सुमारास उघडते आणि फ्रेंच मंडळी आठनंतरच खऱ्या अर्थाने जेवायला बसतात. टेबल राखून ठेवले नसेल, तर सातच्या ठोक्याला जाणे उत्तम. पुष्कळ ठिकाणी काउंटरवरच्या जागा राखीव ठेवतच नाहीत, आणि माझ्या मते त्याच सर्वांत चांगल्या असतात, कारण तिथे बसल्यावर कोणती बाटली उघडी आहे ते दिसते आणि प्रश्न विचारणे सोपे जाते. रविवारी व सोमवारी अनेक बार बंद असतात आणि ऑगस्टमध्ये तर काही जण कित्येक आठवडे दार लावून सुट्टीवर जातात, म्हणून आधी चौकशी करावी. १ जानेवारी २००८ पासून उपाहारगृहांत व बारमध्ये आत धूम्रपानाला बंदी आहे, परंतु बाहेरच्या उघड्या टेबलांवर लोक मुक्तपणे सिगारेट ओढतात. धुराचा त्रास होणाऱ्याने आतच बसावे.

आत पाऊल टाकताच ‘बाँस्वार’ (शुभ संध्याकाळ) म्हणणे ही तिथली किमान सभ्यता मानली जाते. अभिवादन न करता थेट मागणी करणारा माणूस उद्धट समजला जातो आणि पुढची सेवा त्यानुसार कोरडी होते. मोकळे टेबल दिसले तरी आपण होऊन बसू नये; किती जण आहोत ते सांगून जागा दाखवली जाईपर्यंत थांबावे. वाढणाऱ्याला बोलवायचे झाल्यास चुटकी वाजवू नये किंवा ‘गार्सों’ अशी हाक मारू नये; नजर मिळवून ‘सिल व्हू प्ले’ (कृपया) म्हटले की पुरते.

बसल्यावर छापील मेनूऐवजी बहुधा खडूने लिहिलेली काळी पाटी समोर येते. एखादा पदार्थ संपला की तो पाटीवरून पुसला जातो, त्यामुळे डोळ्यांत भरलेला पदार्थ लवकर सांगून ठेवलेला बरा. वाइनच्या नावापुढे किमतीसोबत ‘सेंटिलिटर’मध्ये माप दिलेले असते आणि ते आवर्जून वाचावे: ग्लास बहुतेक ठिकाणी १२ किंवा १२.५ सेंटिलिटरचा, काही ठिकाणी १५ सेंटिलिटरचा असतो. ७५ सेंटिलिटरच्या बाटलीतून १२.५ सेंटिलिटरचे बरोबर सहा ग्लास निघतात, तेव्हा ग्लासाची किंमत सहाने गुणून बाटलीच्या किमतीशी ताडून पाहिली की बाटली घेणे परवडेल की नाही ते कळते. मधला मार्ग म्हणून २५ किंवा ५० सेंटिलिटरचा ‘पिशे’ म्हणजे छोटा सुरईवजा जग मिळतो. लिआँ शहरात मात्र त्याऐवजी जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची ‘पो’ नावाची बाटली टेबलावर येते.

आता मुख्य काम, म्हणजे वाइन मागवणे. आपल्याला फार कळते असा आव आणण्याची गरज नसते; काउंटरमागच्या माणसाला तीन गोष्टी कळल्या की त्याचे काम होते: आपण साधारण काय खाणार आहोत, कोणत्या धाटणीची चव आवडते आणि किती खर्च करायचा आहे. तिसरी गोष्ट सांगताना संकोच वाटत असेल, तर यादीतील एका किमतीवर बोट ठेवून ‘या आसपासची’ असे सूचित करावे. बरोबरच्या मंडळींसमोर आकडा उच्चारावा लागत नाही आणि समोरच्याला अचूक समजते. चव सांगताना पारिभाषिक शब्दांची आवश्यकता नाही. हलकी की भारदस्त, आंबटसर की गोलसर, फळांच्या चवीची की कोरडी, एवढे सांगितले तरी पुरे. ग्लासाने घेत असाल, तर चाखण्यापुरता घोट मागण्यात गैर काही नाही. मात्र चार-चार वाइन चाखत बसू नये. बाटली केव्हा उघडली हेही विचारावे, कारण दोन-तीन दिवस उघडी राहिलेली वाइन पुष्कळदा उतरलेली असते.

फ्रेंच बाटलीवर द्राक्षाच्या जातीऐवजी प्रामुख्याने गावाचे किंवा प्रदेशाचे नाव असते, आणि नवख्या माणसाची अडचण तिथेच होते. भूमीनुसार वाइनला नाव देण्याची ही पद्धत १९३५ मध्ये कायद्याने बांधली गेली. थोडीशी ओळख असली की यादी वाचता येते: सांसेर म्हणजे ल्वार नदीच्या खोऱ्यातील, बहुतांशी सोव्हिन्यों द्राक्षाची धारदार पांढरी वाइन, शिनों म्हणजे त्याच खोऱ्यातील काबेर्ने फ्रांची लाल, मोर्गों आणि फ्लरी ही बोजोले या वाइन-प्रदेशातील गावे असून तिथे गामे हे हलके, फळांच्या चवीचे द्राक्ष पिकते, बर्गंडीत लाल म्हणजे पिनो न्वार आणि पांढरी म्हणजे शार्दोने, रोन खोऱ्याच्या उत्तरेस सिरा आणि दक्षिणेस प्रामुख्याने ग्रनाश. आल्सास हा प्रदेश गावावरून नाव देण्याच्या या पद्धतीला अपवाद, कारण तिथल्या बाटल्यांवर रीसलिंगसारखे द्राक्षाचे नाव स्पष्ट छापलेले असते. पहिल्याच भेटीत काय मागवावे असा प्रश्न पडल्यास मी बोजोलेच्या गावांपैकी एखादी लाल वाइन सुचवीन: ती किंचित थंड करून देतात, लाकडी फळीवर मांडून येणाऱ्या थंड मांस व चीजच्या बहुतेक पदार्थांशी तिचे जुळते आणि किंमतही आवाक्यात असते.

त्याच बोजोलेमध्ये ज्यूल शोव्हे आणि त्यांच्या विचारांवर चालणारे मार्सेल लापिएर या वाइन बनवणाऱ्यांच्या कामातून ‘व्हँ नात्युरेल’ म्हणजे नैसर्गिक वाइनच्या चळवळीला बळ मिळाले, आणि आजच्या वस्तीतल्या बारांपैकी पुष्कळ बार याच वाइनवर भर देतात. यांत बाहेरून काही न मिसळण्याचा प्रयत्न असतो. ‘व्हँ मेतोद नात्युर’ या २०२० पासूनच्या चिन्हासाठी सल्फाइटची (वाइन टिकवणाऱ्या गंधकयुक्त पदार्थाची) मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी ठेवलेली आहे. अशी वाइन गढूळ दिसली, जिभेला किंचित बुडबुड्यांची झाली किंवा पहिल्या घोटाला उग्र वास आला, तरी ती खराब आहे असे लगेच ठरवू नये. सुरईत ओतून थोडा वेळ ठेवल्यावर वास पुष्कळदा निघून जातो. ज्यांना हे नको असेल, त्यांनी ‘क्लासिक’ धाटणीची द्या असे आधीच सांगावे.

बाटली आल्यावर मागवणाऱ्याच्या ग्लासात थोडी ओततात, ती आवडली की नाही हे विचारण्यासाठी नव्हे, तर ती सदोष नाही ना हे तपासण्यासाठी. बुचातून शिरणाऱ्या संयुगामुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट तळघराचा वास येतो. तिला ‘बुशोने’ म्हणतात. तो वास हुंगूनही कळतो. तसे वाटल्यास शांतपणे सांगावे. चांगल्या जागी वाढणारा स्वतः हुंगून बाटली बदलून देतो. नुसती पसंत पडली नाही म्हणून बाटली परत करता येत नाही.

खाण्याच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच की सर्व पदार्थ एकदम मागवू नयेत. टेबले लहान असतात, पदार्थ मध्ये ठेवून वाटून खायचे असतात आणि दुसरी वाइन आल्यावर भूकही वेगळ्या दिशेने वळते. दोघांसाठी प्रथम एक फळी आणि एक लहान पदार्थ पुरेसा असतो. शार्क्युतरीच्या, म्हणजे मुरवलेल्या व शिजवलेल्या थंड मांसाच्या, फळीवर वाळवलेले सोसिसों (सॉसेज), हॅम, डुकराच्या मांसाचे पावाला लावायचे रियेत किंवा साच्यात शिजवून कापलेले तेरीन आणि त्यांचा तुपकटपणा मोडणाऱ्या आंबट काकड्या असतात. उकडलेल्या अंड्यांवर मेयोनेझ घातलेला ‘अफ मायो’ आणि व्हिनेगरमधले लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) हे स्वस्त, पण त्या जागेची पारख करून देणारे पदार्थ आहेत: हे दोन नीट जमत असतील, तर बाकीच्या पाटीवर विश्वास ठेवावा.

चीजबरोबर लाल वाइनच हवी ही समजूत मात्र सोडून द्यावी. लाल वाइनमधील तुरट टॅनिन पुष्कळ चीजच्या मीठ व मलईपुढे कडवट लागते, म्हणून पांढरी अधिक जुळते. शेळीच्या दुधाच्या चीजसोबत सांसेर, कोंते या कठीण चीजसोबत ज्युरा प्रदेशाची पांढरी आणि रोकफोर या निळ्या बुरशीच्या चीजसोबत सोतेर्न प्रदेशाची गोड वाइन या जोड्या डोळे मिटून घ्याव्यात. ब्रीसारख्या त्रिकोणी तुकड्याचे टोक कापून घेऊ नये. तो मधला उत्तम भाग असल्याने लांबीच्या दिशेने सर्वांच्या वाट्याला यावा असा कापतात.

शाकाहारी मंडळींनी जरा जपून मागवावे. भाजीच्या पदार्थातही डुकराच्या मांसाचे ‘लार्दों’ किंवा अँकोव्ही मासा असू शकतो आणि कोंतेसारखी पारंपरिक चीजे वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने, बनतात. ‘मांस आणि मासे खात नाही’ असे बसल्याबरोबर सांगितल्यास स्वयंपाकघर काहीतरी सुचवते. ॲलर्जी उत्पन्न करणाऱ्या घटकांची लेखी माहिती ठेवणे मात्र कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ती मागण्यात संकोच करू नये.

पाण्यासाठी ‘कराफ दो’, म्हणजे नळाच्या पाण्याची सुरई, मागावी. नळाचे पिण्याचे पाणी विनामूल्य देणे बंधनकारक असून पाव हाही जेवणाच्या किमतीतच धरलेला असतो. नुसते ‘पाणी’ म्हटले तर विकतची बाटली येण्याचा संभव असतो.

बिल मागितल्याशिवाय येत नाही; ते लवकर आणून देणे म्हणजे पाहुण्याला उठवणे असे तिथे समजतात. ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ (कृपया बिल द्या) असे म्हणावे. यादीतील किमतींत कर आणि सेवाशुल्क दोन्ही धरलेले असतात, त्यामुळे टीप ऐच्छिक असते; सेवा आवडल्यास एक-दोन युरो किंवा वरची मोड ठेवली तरी चालते. बिल विभागून द्यायचे असल्यास वाढणाऱ्याला आधी कल्पना द्यावी. बाटली उरली असेल, तर बूच लावून ती घरी न्यावी. १ जुलै २०२१ पासून उरलेले अन्न किंवा पेय नेण्याची सोय करून देणे उपाहारगृहांवर बंधनकारक आहे. गाडी चालवायची असेल, तर रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, आणि नव्या परवानाधारकांसाठी ०.२ ग्रॅम, ही मर्यादा आहे. फ्रान्समध्ये प्रमाण ग्लास १२ टक्क्यांच्या वाइनचा १० सेंटिलिटर धरतात, आणि बारचा ग्लास त्याहून मोठा असतो, हे हिशेब करताना विसरू नये.