एकाच व्हिडिओतले दोन माइक वेगळे काढायचेत?

मुलाखत शूट करताना आमचा एक कॉलर माइक डाव्या चॅनेलला आणि दुसरा उजव्याला असतो, मग एडिटला दोन्ही आवाज वेगळे लागतात. त्यासाठी मोठं सॉफ्टवेअर उघडायची गरज नाही, एफएफएमपेग हे टर्मिनलमध्ये कमांड देऊन चालणारं मोफत टूल पुरतं.

१. आधी एफएफप्रोब (एफएफएमपेगसोबतच येणारं, फाइलची माहिती दाखवणारं टूल) चालवून बघा, ऑडिओ ट्रॅक एकच आहे आणि तो स्टिरिओ आहे ना. दोन ट्रॅक दिसले तर हे सोडा, सरळ एफएफएमपेगच्या मॅप ऑप्शनने हवा तो ट्रॅक काढा.

२. कमांड अशी (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत): एफएफएमपेग, हायफन आय आणि फाइलचं नाव, हायफन व्हीएन म्हणजे चित्र नको, मग हायफन एएफ आणि त्यापुढे "पॅन=मोनो|सी०=सी०", शेवटी डावा डॉट वेव्ह.

३. उजव्यासाठी तीच कमांड, फक्त शेवटचं सी० बदलून सी१ करायचं आणि फाइलचं नाव उजवा.

पॅनचा भाग डबल कोट्समध्येच ठेवा हं, नाहीतर ती उभी रेघ टर्मिनल पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देण्याची खूण) समजतं आणि भलतीच एरर येते, माझा अर्धा तास त्यातच गेलाय. मूळ व्हिडिओला काही होत नाही.